न लाभलेली अंगठी

निहार, सई,

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांना नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या श्रीकाकाला तर नाहीच.

निहार, गेल्या आठवड्यात तू मला तीन अंगठ्यांचे फोटो पाठवलेस. एक गोल हिऱ्याची, एक लांबट, एक चौकोनी. खाली विचारलंस — आजी, साखरपुड्याला यातली कुठली घेऊ? आणि पुढे गंमत केलीस — पणजीसारखी परत करायला लावू नकोस म्हणजे झालं! सईने त्यावर हसरे चेहरे टाकले. मी उत्तराला कधी उशीर करत नाही. शाळेत होते तेव्हाही वह्या त्याच दिवशी तपासून मोकळी व्हायची. पण हे फोटो मी उघडते, बंद करते, उठते, ओटा पुसते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते. आज शेवटी कागद घेऊन बसले आहे.

पणजीच्या अंगठीची गोष्ट तुम्ही बाबांकडून किती वेळा ऐकली असेल? श्रीकाकाचं लग्न ठरत होतं, हिऱ्याची अंगठी आणली, ती देवापुढे ठेवली, तेवढ्यात आजोबा पडले, पणजी म्हणाली हिरा लाभला नाही — अंगठी परत गेली आणि लग्नही मोडलं. बाबा पणजीचा आवाज काढून दाखवतात, "खडा न्हाई रं त्यो, साडेसाती हाय!" सगळे हसतात. मीही हसते.

तुमची पणजी असं म्हणालीच नव्हती. पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा जे म्हटलं गेलं, ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

थांबा — क्रमाने सांगते. क्रमाशिवाय मला काही जमत नाही.

तिचं नाव सविता. माजलगावच्या आपल्या घरामागे तेव्हा एक गाय होती. ती विताना अडली, म्हणून गुरांच्या सरकारी दवाखान्यातून सविता आली. श्रीने गायीचं डोकं धरलं आणि या मुलीने कोपराच्या वर हात आत घालून वासरू फिरवलं. मग तिने नळावर हात धुतले आणि पणजीने दिलेला चहा उभ्यानेच प्यायला. पणजी म्हणाली, "पोरगी कामाची हाय." हे पणजीचं वाक्य. तुम्ही जिला हसता, ती पहिल्या दिवसापासून सविताच्या बाजूने होती.

श्री साखर कारखान्यात केमिस्ट होता. काही महिन्यांनी त्याने सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशी. तिचं घर नांदूरघाटकडचं, मेंढ्या राखणारं. तिचे वडील पहिल्यांदा आले तेव्हा मी खुर्ची पुढे केली, तर ते खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. "हितंच बरं हाय, बाई." मी हसून सतरंजी टाकली. आणि मनात? मनात आलं — हे माझे व्याही होणार. शाळेतल्या बायका काय म्हणतील?

पण शाळेतल्या बायका उलटंच म्हणाल्या. बाईंचे विचार किती मोठे! मला ते आवडलं. फार आवडलं. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, मुलांना सांगितलं की माणसाची जात विचारू नका, मांजर आडवं गेलं तर थांबू नका. आता नाही म्हणायला मला तोंडच उरलं नव्हतं. मग मी हो म्हणाले, आणि दणक्यात म्हणाले. आमच्याकडे साखरपुड्याला साधी सोन्याची अंगठी घालायची रीत, तर मी म्हणाले हिऱ्याची घालू. कुणासाठी? सवितासाठी का? तेव्हा असा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

बीडच्या सराफाकडे मी, पणजी आणि सविता गेलो. सविताने एक बारीक वळं उचललं. "मला ही साधी चालंल की बाई. माझा हात सगळा दिवस गाईम्हशींत." मी ते तिच्या हातून काढून ठेवलं. सराफाने काळ्या मखमलीवर अंगठ्या मांडल्या. एकीत मधोमध गोल हिरा होता. फार मोठा नाही, पण दुकानातल्या दिव्याखाली जरा हलवला की असा काही पेटायचा! सराफ म्हणाला, "गोल घ्या बाई, गोल कधी जुना होत न्हाई." मी क्षणात ठरवलं. हीच. सविताच्या बोटात घालून पाहिली तर ती पेरावर अडली. तिची बोटं कष्टाची, रुंद. ती हात समोर धरून लाजली. "लई चमकतीय हो, आई." मला आई म्हणण्याची ही तिची पहिली वेळ.

माप वाढवायच्या आधी सराफानेच सुचवलं, "हिरा हाय बाई. थोडे दिवस घरी न्या, देवापुढं ठेवा. कुणाला लाभतो, कुणाला न्हाई. लाभला की माप वाढवून देतो." पणजीने मान हलवली. मी दोघांना हसले. दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. तरी अंगठी घरी आली आणि देवघरात तांदळाच्या वाटीत बसली.

आता खरं ते येतं. मघापासून मी त्याच्याभोवती फिरतेय ना?

त्या दिवशी सविताच्या घरचे साखरपुड्याची तारीख धरायला येणार होते. मी सकाळी पुढच्या व्हरांड्याची शहाबादी फरशी साबणाने धुवायला घेतली. आपल्या घरी फरशी धुण्याचा नियम होता — पाणी ओढायचं, कोरडं पोतं फिरवायचं, मग दुसरं पोतं उंबऱ्याशी टाकायचं. या नियमावरून मी कामाच्या बाईला रडवलं आहे. तुमच्या आईलाही बोलले आहे, ती नवी होती तेव्हा. आणि त्या दिवशी साबणाचा फेस तसाच टाकून मी देवघरात गेले. कशाला?

अंगठी घालून बघायला.

रोज मनात यायचं, त्या दिवशी राहवलं नाही. ओल्या हाताने तांदळातून काढली, बोटात घातली. अडली नाही, सैल झाली नाही. अगदी माझ्या मापाची! मी हात खिडकीकडे धरला. बोट वळवलं. हिऱ्यावर ऊन आलं. मला वाटलं — ही त्या हातात जाणार? त्या हातात? सविताला या घरातून वगळायचं असं मी तोवर मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं. त्या क्षणी म्हटलं.

आणि तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला.

आजोबा पेपर घ्यायला व्हरांड्यात आले होते. फेसावर पाय गेला. ते कुशीवर पडले होते, ओठ पांढरे, मला हाक मारत होते. नावाने. चारचौघांत ते मला कधी नावाने हाक मारत नसत.

मी काय केलं? मी पोतं ओढलं आणि आधी फरशी पुसली.

त्यांच्या पायाखालून, त्यांच्या अंगाशेजारून, उंबऱ्यापर्यंत. ते कण्हत होते आणि मी पुसत होते. बादली मोरीत नेऊन ओतली. मग आरडाओरडा केला, शेजाऱ्यांना बोलावलं. शेजारी आले, मागच्या गोठ्यातून श्री धावत आला, तेव्हा फरशी कोरडी होती. अंगठी अजून माझ्या बोटात होती, आत जाऊन ती तांदळात खुपसली, तेव्हा बाहेर ते श्रीला विचारत होते — "अरे, ही कुठे गेली?"

पणजी खाटेवरून उठून भिंतीला धरत आली. "कावून पडलं गं माझं लेकरू? रोजच्या फरशीवर कावून पडलं?"

मी बोलले. "ती अंगठी घरात आल्यापासून काहीतरी बिनसलंय, आई."

हे वाक्य माझं. पणजीचं नाही. मी ते ओल्या फरशीपायी बोलले की सवितापायी? अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले — घाबरून, ओल्या फरशीपायी. पण वाक्य तोंडातून बाहेर पडताच याचा उपयोग होईल हे मला कळलं होतं. ते कळल्यावर मी ते परत घेतलं नाही. उलट दुपारी पणजीजवळ बसून पुन्हा म्हणाले. संध्याकाळी ती ते तिचं म्हणून बोलू लागली. बोलताना रडायची. "पोरगी लई गुणाची होती गं, पण खडाच बैमान निघाला. जिच्या नावानं आणला, ती आता घराला कशी लाभंल?"

आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण नंतर काठी सुटली नाही. तीच काठी, निहार, जिच्यावर बसून तू घोडा घोडा खेळायचास. साबणाचं त्यांना आठवत नव्हतं. चक्कर आली असेल, म्हणायचे. मी म्हणायची, असेल.

सविता दवाखान्यात आली. आजोबांचं अंथरूण नीट केलं, मग मला बाहेर गाठलं. "आई — का बाई म्हणू, आता मला कळंना — तुमी आजीला समजावा की. तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकत्यात सगळे." किती विश्वासाने बोलत होती! अख्ख्या घरात तिला मीच तिची वाटत होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघते."

पणजीशी मी एक शब्दही बोलले नाही. श्रीने विचारलं, "आई, तुझा यावर विश्वास आहे?" मी म्हणाले, "माझा नाही रे, पण आजीचं मन कसं मोडायचं?" मग त्याने पुन्हा विचारलं नाही.

अंगठी परत द्यायला मी एकटी गेले. सराफाने भिंग लावून पाहिलं. "बाई, खड्याखाली साबण वाळलाय की. कुणी घातली हुती का?" मी म्हणाले, "नाही." त्याने ब्रशने ती साफ केली आणि मखमलीवर बाकीच्या अंगठ्यांत ठेवून दिली. पुन्हा तशीच पेटली.

नांदूरघाटकडे बोभाटा झाला — जिची अंगठीसुद्धा लाभली नाही, ती पोरगी. हे ऐकून आहे की पुढे काही घरांनी गाय विताना तिला बोलावणंही बंद केलं. वासरू फिरवणाऱ्या त्या हाताला! मग तिने बदली मागून घेतली. कुठे, ते मी कधी विचारलं नाही. चौकशी करणं अवघड नव्हतं. केली नाही. श्रीने लग्न केलं नाही. आम्ही स्थळं आणली, तो नको म्हणाला, आम्हीही थांबलो. पणजी गेली. मग आजोबा गेले. आणि गोष्ट तेवढी राहिली, पणजीच्या आवाजात, हसण्यासाठी.

श्रीकाका दर रविवारी येतो. गुडघ्यांमुळे मला आता वाकवत नाही, तरी व्हरांडा मीच धुते. तो आला आणि फरशी ओली दिसली की आतून पोतं आणतो आणि उंबऱ्याशी टाकतो. त्याला काही ठाऊक आहे का? की वडील पडले होते, एवढीच काळजी? दर रविवारी मी त्याच्या पाठीकडे बघते. दर रविवारी चहा टाकायला आत जाते.

हे सगळं मी तुम्हाला लिहायला घेतलं, आणि चौथ्या पानावर लक्षात आलं — मी पुन्हा सोपी वाट धरली, लांबचं माणूस निवडलं. जे समुद्रापलीकडे आहेत, ज्यांचा चेहरा वाचताना मला दिसणार नाही. सविताच्या आयुष्याचं, श्रीच्या आयुष्याचं जे झालं, ते ऐकण्याचा पहिला हक्क तुमचा कसा?

निहार, अंगठी जिच्या बोटात जाणार आहे, तिलाच विचारून घे. माझं मत घेऊ नकोस.

परवा रविवार आहे. ही पानं मी आधी श्रीकाकाच्या हातात देणार आहे, आणि तो वाचत असताना चहा टाकायला उठणार नाही. पाकिटावर तुमचा पत्ता लिहून ठेवते. ते पोस्टात टाकायचं की नाही, हे त्याच्यावर. तुम्ही हे वाचत असाल, तर त्याने टाकलं.

— आजी