शेजारणीच्या लॅपटॉपवरचं डुक्कर

मुलीचं जुळत आलेलं लग्न मोडायला मी नांदेडहून लातूरला निघालो होतो. मुलगा चांगला होता, पण घराणं आमच्या तोलाचं नव्हतं. एसटीत शेजारची पोरगी शेंगा खात लॅपटॉपवर प्राण्यांची जनुकं तपासत होती.

"जनुक कुठं सुरू होतं, कुठं संपतं, त्याच्या खुणा मशीन करतंय काका, पण लई चुकतंय. आम्ही एकेक डोळ्यानं बघून दुरुस्त करतो. मग जगात कुणालाबी फुकट बघता येतंय."

पडद्यावर जनुकांच्या जवळजवळ सारख्या दोन पट्ट्या होत्या. मी जाणकारासारखा म्हणालो, "सख्खे भाऊ दिसतात."

"वरची माणसाची, खालची डुकराची," तिनं शेंग फोडली.

लातूरला मी मुकाट्यानं होकार दिला.

"अहो, घराणं एकाएकी कसं पसंत पडलं?" बायकोनं फोनवर विचारलं.

आपले सोयरे कुठवर पसरलेत, हे तिला फोनवर कसं सांगणार?