सर्व्हर रूम रिकामी करणारे अण्णा

बोलायला सुरुवात करण्याआधी ते मशीनच्या पाठीवर तळहात ठेवायचे. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "अक्का, ह्याला स्वल्प ताप आहे हो." मी उघडून बघायचे, आणि आतला पंखा खरोखरच मरायला टेकलेला असायचा.

मी त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी अक्का. ते अण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आलेलं, घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत. मी सांगलीहून आलेली, तिथल्याच शिवाजीनगरात एका जिन्याखाली बंद पडलेले यूपीएस दुरुस्त करता करता दुकान उभं केलेली. अण्णा जयनगरातल्या एका विमा कंपनीची सर्व्हर रूम सांभाळत. कंपनीची सगळी कामं ज्या मशीनवर चालायची, ती मशीनं एका थंडगार खोलीत ओळीनं उभी असत, आणि त्यातलं प्रत्येक मशीन माझ्या दुकानातून गेलेलं होतं.

काही गिऱ्हाइकं किमतीसाठी रक्त आटवतात, अशी तुम्हीही पाहिली असतील. मला तीच आवडतात. समोर कोणी झगडणारं नसलं की मला करमत नाही. अण्णा किमतीबद्दल चकार शब्द काढत नसत. "सरी," ते कानडीत 'ठीक' म्हणायचे, "तो तुमचा प्रश्न. बंद पडलं तर किती तासांत याल, ते सांगा." चार म्हटलं तर म्हणायचे, "तीन करा." एवढाच त्यांचा सौदा. आणि मी गाडीत शिव्या घालत का होईना, तीन तासांत पोचायचे.

त्यांच्या खोलीचा एक कायदा होता. प्रोग्राम लिहिणाऱ्या कोणालाही नवं मशीन हवं असेल, तर त्यानं स्वतः येऊन उभं राहायचं. कशाला हवं, किती दिवस हवं, परत कधी देणार? मग अण्णा कागद भरून घेत, मशीनवर त्या माणसाच्या नावाची चिठ्ठी चिकटवत. "अक्का, माणसाला मागायची लाज नसते आणि परत करायची आठवण नसते," ते म्हणायचे. मशीन मिळायला दोन-तीन आठवडे लागायचे. पोरं वैतागायची. मला काही वाईट वाटत नव्हतं, कारण तेवढ्या वेळात माझ्याकडून नवं मशीन यायचं.

गेल्या वर्षी त्या खोलीतली मशीनं जुनी झाली. सगळी बदलण्याची ऑर्डर निघणार हे मला ठाऊक होतं, आणि ती माझ्याशिवाय कोणाला जाणार? तिच्या भरवशावर मी दुसरं गोदाम घेतलं. तेवढ्यात अण्णांनी एक काम सांगितलं. "अक्का, आजवर दिलेल्या प्रत्येक मशीनची यादी पाहिजे. वय काय, वरती काय चालतं, कोण वापरतं."

अशी यादी कोणी फुकट करून देत नाही. मी दिली. सहा आठवडे माझी दोन माणसं तिथं बसवली. एकूण एक वायर तपासली. नऊ मशीनं अशी निघाली की ती कोणाची, हे कोणालाच सांगता येईना. अण्णा म्हणाले, "बंद करून बघू. ज्याचं असेल तो येईल." आठ मशीनं बंद केली, चिटपाखरू आलं नाही. नववं बंद केल्यावर कँटीनचा मालक हातात डाव घेऊन वर आला. "अण्णा, जेवणाची कूपनं छापायची थांबली! दोनशे माणसं रांगेत उभी आहेत!" अण्णा खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मीही हसले. यादी पूर्ण झाली.

पुढच्या महिन्यात मोठ्या साहेबांपुढे बैठक होती. अण्णांनी मलाही बोलावलं. मी नवी साडी नेसून, कोटेशनची फाईल घेऊन गेले.

अण्णांनी पुण्याहून आलेल्या एका प्रोग्रामर मुलीला लॅपटॉपसमोर बसवलं. "मशीन माग," ते म्हणाले.

"कोणाकडे, सर? फॉर्म?"

"तिथंच. नाव घाल, काम घाल, परत कधी देणार ती तारीख घाल."

तिनं घातलं. बटण दाबलं. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातून आत येईपर्यंत ती ओरडली, "सर, झालं पण! मशीन चालू आहे!"

मशीन त्या खोलीत नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीच्या कुठल्यातरी अवाढव्य केंद्रात होतं, वापरापुरतं भाड्यानं घेतलेलं. क्लाउड, क्लाउड म्हणतात ते हेच. अण्णा शांतपणे सांगत होते. तीन महिन्यांचे बदल साठवून एकदम चढवायचे नाहीत, रोज थोडे चढवायचे. चढवण्याआधी तपासणी आपोआप होईल. दिलेल्या तारखेला मशीन स्वतःहून बंद होईल. आधी कँटीनची कूपनं हलवायची, कारण त्यात चुकलं तर फार तर जेवण उशिरा होतं. विम्याचे दावे सगळ्यात शेवटी. काय आधी, काय नंतर, ते सगळं भिंतीवर दिसत होतं. ती माझी यादी होती. माझ्या माणसांनी लिहिलेली, माझ्याच क्रमानं.

बावीस वर्षांच्या धंद्यात मला कोणी असं नागवलं नव्हतं, आणि हा माणूस तर कधी घासाघीससुद्धा करत नव्हता!

बाहेर पॅसेजमध्ये मी त्यांना गाठलं. माझा आवाज पार लिफ्टपर्यंत गेला असेल.

"अण्णा, माझ्याच हातानं माझा गळा कापून घेतलात!"

"हो."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर यादी दिली असतीत?"

"मेले तरी नसती दिली!"

"म्हणून, अक्का." मग म्हणाले, "त्या पोरीला मी मशीनसाठी एकोणीस दिवस बसवून ठेवलं. तिचं काम तीन दिवसांचं होतं. रोज दारात येऊन उभी राहायची, आणि मी तिला कायदा सांगायचो."

मी फाईल त्यांच्या पायाशी आपटली आणि निघून आले. त्यानंतर त्यांचे फोन आले, मी उचलले नाहीत. नवं गोदाम सोडलं. हा माणूस आता क्लाउडचा साहेब होऊन काचेच्या केबिनमध्ये बसणार, हे मी दुकानात येईल त्याला ऐकवत होते.

आठ महिन्यांनी कंपनीनं जुनी मशीनं उचलायला मलाच बोलावलं. मी गेले. भंगाराचे तरी पैसे सोडायचे नाहीत म्हणून गेले. आम्ही मशीनं उतरवत होतो, तेवढ्यात अण्णा आले. गळ्यात पाहुण्यांना देतात तो पिवळा पास होता. माझं लक्ष गेलं, पण डोकं तापलेलं असताना दिसलेलं कळत नाही.

"बघायला आलात काय?" मी म्हटलं.

"हां. असंच."

ते दार धरून उभे राहिले. आमच्या ढकलगाड्या एकामागून एक त्यांच्यासमोरून गेल्या. एकदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी मुद्दाम माझ्या माणसावर खेकसले. थोड्या वेळानं पाहिलं तर दाराला वीट लावलेली होती. ते गेले होते.

त्यांच्या हाताखाली काम केलेला एक जण वायर गुंडाळत होता. मी त्याला विचारलं, "तुमच्या साहेबांनी पाहुण्याचा पास का घातलाय?"

त्यानं वायर खाली ठेवली. "तुम्हाला माहीत नाही? अण्णांनी शुक्रवारी नोकरी सोडली."

त्यानं सांगितलं ते असं. बैठकीच्याही आधी अण्णांनी मोठ्या साहेबांपुढे अट ठेवली होती. खोलीतल्या अकरा माणसांना आधी हे नवं काम शिकवायचं, मगच मशीनं हलवायची, आणि एकालाही काढायचं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः शिकवायला बसत, आदल्या संध्याकाळी स्वतः शिकून घेतलेलं. साहेब म्हणाले, वर दाखवायला एक तरी पगार कमी व्हायला हवा. अण्णा म्हणाले, "सरी. माझा दाखवा."

मी जन्मभर सौदे केलेत. समोरचा काय सोडायला तयार आहे, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, अशी माझी घमेंड होती. ह्या माणसाच्या बाबतीत मला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं.

मी जिना उतरून गेटवर धावले. रस्त्यावर अण्णा कुठं दिसेनात. मशीनं बाहेर नेण्याची नोंद करायची म्हणून रखवालदारानं वही पुढं केली. माझ्या वरच्या ओळीत अण्णांचं अक्षर होतं. त्याच ऑफिसात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं लिहावं लागलं होतं. 'काम' ह्या रकान्यात त्यांनी नुसती आडवी रेघ ओढली होती.

'कोणाला भेटायचे' ह्या रकान्यात माझं नाव होतं.