सही न करणाऱ्या शोभाताई

शोभाताई घाडग्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी हवेत लटकत होतो. मेलबर्नजवळच्या टार्निटमधल्या आमच्या हायस्कूलमधली अकरावी-बारावीची काही मुलं दर बुधवारी जवळच्या कॉलेजात वृद्धसेवेचा कोर्स करायला जायची. त्या व्यवस्थेचा शाळेकडचा माणूस म्हणून मी बोलणी करायला गेलो होतो. "बोलणी नंतर, सर. आधी झोळीत बसा," म्हणत तिथं हा कोर्स शिकवणाऱ्या ताईंनी मला पलंगावर आडवं केलं. सोळा वर्षांच्या दोन पोरींनी माझ्याखाली कापडी झोळी सरकवली, माणूस उचलायच्या यंत्राचं बटण दाबलं, आणि माझी सगळी मास्तरकी अधांतरी लोंबू लागली. "भीती वाटली? छान. आता वृद्धाश्रमातल्या आजींना काय वाटतं ते कळलं," ताई म्हणाल्या.

ताई मूळच्या मिरजेच्या, पेशानं नर्स. बोलणं फटकळ, पण डब्यात कुणासाठी तरी एक पोळी जास्तीची असायची. त्यांच्या कोर्सला मार्क नसत. एखादं काम येतं किंवा अजून येत नाही, एवढे दोनच निकाल. आपल्या मराठी पालकांना हे काही पचायचं नाही. "पण टक्के किती?" ते विचारत. "टक्के पेढे वाटायला लागतात. इथं एवढंच बघायचं, म्हातारा पडला का नाही," हे ताईंचं ठरलेलं उत्तर.

मग करोना आला. मेलबर्न बंद झालं, बुधवारचा वर्ग झूमवर गेला. मुली आईला नाहीतर धाकट्या भावाला पलंगावरून उठवून दाखवू लागल्या. वृद्धाश्रमांत बाहेरच्यांना मज्जाव, त्यामुळे खऱ्या थकलेल्या माणसाला हात लावायची संधीच नव्हती. वर्षअखेरीस कॉलेजनं सांगितलं, मुलींचे घरचे व्हिडिओ पाहा आणि पास करा, वृद्धाश्रमांत माणसं हवी आहेत. बाकीच्या शिक्षकांनी सर्टिफिकेटांवर सह्या केल्या. ताईंनी केल्या नाहीत.

रिया म्हस्के ही त्यांची लाडकी. तिच्या वडिलांची टॅक्सी कित्येक महिने दारात उभी होती. सर्टिफिकेट मिळालं की एका वृद्धाश्रमात रियाची नोकरी पक्की, म्हणून सगळं घर तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं. तिच्या आईनं कॉल लावला तेव्हा मीही त्यात होतो.

"ताई, एका सहीचा तर प्रश्न आहे."

"सही माझी, वहिनी, पण उचलणार तुमची पोरगी. तिनं अजून एकही म्हातारं माणूस उचललेलं नाही."

"मिस, आय डिड इट विथ मम, लाइक, एव्हरी डे," रिया मधेच म्हणाली.

"आई धडधाकट आहे, बाळा. ती स्वतःच उठते."

रिया गोदामात खोकी भरायला लागली. तिच्या आईनं ताईंशी बोलणं टाकलं, इंडियन दुकानात समोर आल्या तरी तोंड फिरवायची. कोर्स बंद पडला आणि ताईंचं कंत्राटही संपलं. "ताई, थोडं वाकला असतात तर?" मी विचारलं. "कंबर गेली, सर, वाकवत नाही," म्हणून त्या हसल्या, पण त्या हसण्यात राम नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या सीमा उघडल्यावर त्या मिरजेला निघून गेल्या. मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांच्यावाचून करमतही नव्हतं.

पुढे कळलं, दुसऱ्या शाळेतली, व्हिडिओवर पास झालेली एक मुलगी नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून एक आजोबा पडले. खुबा मोडला. आजोबा त्यातून उठले नाहीत. मी ताईंना फोन लावला.

"तुमचंच खरं ठरलं," मी म्हणालो.

 

"आजोबांसाठी रडायला त्यांची माणसं असतील," त्या म्हणाल्या. त्या रडत होत्या. "त्या पोरीला कुणी फोन केला का, सर? सतरा वर्षांची असेल हो ती."

मी चौकशी केली. कुणीच केला नव्हता.