ओहोटीला आलेले साहेब

आमचे हे ज्या पक्षात आहेत तो इतका लहान आहे की त्याची तालुक्याची बैठक आमच्या ओटीवर होते आणि तरी खुर्च्या उरतात. चहा अर्थात माझा. निवडणुकीला चिन्हही दर वेळी नवं मिळतं. लोकांच्या डोक्यात कपबशी बसते तोवर आमच्या गळ्यात शिलाई मशीन पडलेलं असतं. गावाला मात्र ह्यांची गरज बारा महिने. दाखला अडला, एसटी बंद झाली, दवाखान्यात कोणी दाद देईना, की दारात हाक येते, "अण्णा हायत काय?" मतदानाच्या दिवशी तीच माणसं मान खाली घालून आमच्या दारावरून पुढे जातात. एकाने तर ह्यांना तोंडावर सांगितलं, "अण्णा, तुमी मानूस चांगलं, पन निवडून येनार न्हाय. मत फुकट कशाला घालवायचं?" ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि अजून वाटतं.

बरं, ज्यांना मत देतात त्यांच्याबद्दल प्रेम असावं, तर तेही नाही. नाक्यावरच्या टपरीवर रोज सकाळी सगळ्या पुढाऱ्यांचा उद्धार चालतो. सगळे एकाच माळेचे मणी, सगळे खाणारे. पण निवडून आलेल्या साहेबांची गाडी वळणावर दिसली की हेच लोक ग्लास खाली ठेवून शाल शोधायला धावतात. हा काय प्रकार आहे, ते मला इतकी वर्षं इथे नांदूनही कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेच्या उधाणात खाडीचा बांध फुटला. बांधाला पडलेल्या अशा भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खाडीचं खारं पाणी आणि आमची भातशेती यांच्यामध्ये तो मातीचा बांधच काय तो आडवा असतो. खांड लहान होती, कडेचे चार वाफे तेवढे गेले. आमच्याकडची जुनी रीत अशी की खांड पडली की ओहोटी साधून घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन जातो आणि ती बुजवतो. दिवसभराचं काम. दुसऱ्या दिवशी हे फावडं घेऊन गेले आणि कोरड्या हातांनी परत आले.

"बुजवू देत न्हायत," म्हणाले.

साहेब पाहणीला येणार होते. खांड बुजवली तर त्यांना दाखवायचं काय, आणि दाखवल्याशिवाय दगडी बांध मंजूर व्हायचा कसा, असं गावाने ठरवलं होतं. दौरा निघाला गोकुळाष्टमीच्या दुपारचा. आता खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल की अष्टमीला भांग असतो. उधाण ओसरलेलं असतं, पाण्यात जोर नसतो, आणि त्यात दुपारी ओहोटी. देवळातल्या बैठकीत ह्यांनी तेच सांगितलं. "पानी खांडीपर्यंत चढनारच न्हाय. सायबांकडं अवसेची तारीख मागा, न्हायतर उद्याच बुजवून टाकू."

मग एक म्हातारे म्हणाले, "सायबांना तारीख बदला म्हनून सांगायचं कोनी?"

"मी सांगतो."

"तुमी नको. तुमचा पक्ष येगळा. त्यांना राग येल."

विषय संपला. भरतीओहोटीच्या हिशोबावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेलं गाव एका माणसाची तारीख बदलायला घाबरलं.

अष्टमीला साहेब आले. ओवाळायला बायका हव्या होत्या, म्हणून ताट घेऊन मीही उभी. शाल झाली, नारळ झाला. साहेब बांधावर चढले आणि खाली बघितलं. खांडीत सुकत आलेला चिखल आणि दोन-चार खेकडे.

"पाणी कुठंय?" त्यांनी विचारलं. कुचेष्टेने नाही, खरंच विचारलं. गाव खेकड्यांकडे बघत राहिलं. "मला वाटलं, फार मोठं काही असेल. बघू या," म्हणाले, फोटो काढून घेतले आणि गेले. गाडी दिसेनाशी झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "मानूस साधा हाय पन. बांधावर चालत आला." माझ्या हातातलं ताट मी कसं धरून ठेवलं ते मलाच माहीत.

हे म्हणाले, आता तरी बुजवू. तर म्हणे अर्ज गेलाय, इंजिनीअर बघायला येईल. तो आला नाही. अवस आली. पिठोरीच्या उधाणात खांडीतून ट्रक जाईल एवढा बांध वाहून गेला आणि सगळ्या शिवारात खारं पाणी भरलं. पोटरीला आलेलं भात उभ्याउभ्या पिवळं पडलं. आमच्या दोन्ही खाचरांसकट. अशी जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. मी बांधावर बसून रडले, आणि रडताना साहेबांपेक्षा गावाचा राग जास्त येत होता.

त्या संध्याकाळी सगळं गाव आमच्या ओटीवर आलं. पहिल्यांदाच खुर्च्या कमी पडल्या, चटया काढाव्या लागल्या. मी सवयीने चुलीवर चहाचं आधण ठेवलं. बाहेरून, मत फुकट घालवायचं नाही म्हणणाऱ्याचा आवाज आला.

"अण्णा, आमी अडानी मानसं. पन तुमी नेते ना आमचे? तुमी का न्हाय अडवलंत आमाला?"

ह्यांच्या सबंध आयुष्यात त्यांना नेता कोणी म्हटलं नव्हतं. मी दारात आले. हे मान खाली घालून बसले होते.

"चुकलंच माझं," हे म्हणाले. आणि त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

मी आत गेले आणि चहा न टाकताच आधण खाली उतरवून ठेवलं.