नाखव्याला बुडवायचं ठरलं तेव्हा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. माळ्यावर सामान चढतं तसे ते चढतात. एक डबा काढायला जावं तर मागचे चार अंगावर येतात. माझ्या माळ्यावरचे हल्लीचे सगळे डबे एकाच ब्लॉगचे आहेत, आणि बहुतेकांत राग भरलाय. मी तसा रागीट माणूस नाही. माझी नात मुक्ता म्हणते, "आबा, तुम्ही रागावलात की आवाज चढत नाही, स्पीड कमी होतो." तेव्हा हे जरा सावकाशच वाचा.

शाळा मला लाभली नाही. अक्षरं शिकलो ती वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांच्या पाट्यांवरून. आता मोबाईलमध्ये बोलतो, तो लिहितो, आणि मुक्ता काना-मात्रा बघते.

ब्लॉग म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मलाही ते समजायला बरेच रविवार लागले.

एक व्हिडिओ गेम होता. त्यात एक बंदर. बंदराचा दिवा विझतो, माणसं गाव सोडतात. एक म्हातारा होडीवाला सगळ्यांना पैलतीरी पोचवतो आणि शेवटी धक्क्यावर एकटाच उभा राहतो. त्याला न्यायला कुणी येत नाही. तिथे गेम संपतो. दुसरा भाग येणार होता, पण गेमवाल्या कंपनीलाच टाळं लागलं. म्हातारा उभाच!

ह्या पोरांना ते सहन होईना. त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या नावाने ब्लॉग काढला. गेममध्ये त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं, यांनी त्याला 'नाखवा' केलं. वाचणाऱ्यांनी नाखव्याला प्रश्न विचारायचा. नाखव्याने एक चित्र आणि दोन ओळी एवढंच उत्तर द्यायचं. त्या उत्तरातून गोष्ट पुढे सरकते. चित्रं मुक्ता काढते. ओळी अस्मिता लिहिते, ती कल्याणला क्लासमध्ये शिकवते. आणि ब्लॉगची चावी, म्हणजे पासवर्ड, निनादकडे. हा बाळकुमच्या एका टॉवरमध्ये राहतो आणि कॉम्प्युटरवर नोकरी करतो. दर रविवारी तिघं डोंबिवलीजवळ आमच्या कोपरच्या घरी जमतात. पोहे मी करतो.

निनादने नियम दोनच केलेले. येईल त्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच. आणि एकदा ब्लॉगवर आलं की ते घडलं. पुसायचं नाही, बदलायचं नाही. हे नियम तो छातीवर बिल्ला लावल्यासारखे सांगायचा.

* * *

एका रविवारी निनाद म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण विचारा ना एक प्रश्न."

लोक विचारायचे ते प्रश्न मी ऐकलेले. दिवा कोणी विझवला? बंदराला शाप कसला? पाण्याखाली काय आहे? मला त्यातलं काही सुचेना. मी विचारलं, "जेवलास का?"

तिघंही हसली. निनाद तर असा हसला की बशी तिरकी होऊन पोहे जमिनीवर!

"अहो आजोबा, त्याला शाप लागलाय! आणि तुम्ही विचारताय जेवलास का!"

"शाप लागलेल्याला भूक लागत नाही का?"

"प्रश्न वाया घालवलात."

पण नियम म्हणजे नियम. मुक्ताने चित्र काढलं. नाखवा पहिल्यांदाच खाली बसलाय, धक्क्यावरून पाय सोडून. मांडीवर भात आणि भाजलेला सुका बोंबील. खाली अस्मिताने लिहिलं, "बसतोय आत्ताच."

त्या दिवशी मोबाईल वाजायचा थांबेना. कुणी लिहिलं, एवढ्या वेळा गेम खेळलो, पण हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कुणी लिहिलं, मी पण जेवायला उठते आता.

निनाद नाचायला लागला. "आजोबा, व्ह्यूज बघा! व्ह्यूज!"

मी म्हटलं, "आधी ते सांडलेले पोहे उचल."

* * *

पुढच्याच रविवारी दारावर थाप. बाहेर एक लांबुडका तरुण, सॅक छातीवर अडकवलेली, घामाघूम.

"नाखवा इथेच राहतो का?"

हा प्रथमेश. कल्याणहून आलेला, मुक्ताच्या कुठल्याशा मैत्रिणीकडून पत्ता काढून. भांडायला! गेम त्याला तोंडपाठ. आत आला, बूट काढले, आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"नाखवा जेवतो असं एकसुद्धा दृश्य गेममध्ये नाही. तुम्ही जेवण कसं दाखवलंत?"

मला राग आला. पाणी विचारायच्या आधीच हा उलटतपासणी घेतोय! मी सावकाश विचारलं, "तो संडासला जातो असं दृश्य आहे का?"

"...नाही."

"मग तो इतकी वर्षं जातच नाही म्हणतोस?"

मुक्ता तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली. प्रथमेशने मात्र खरंच विचार केला. मग म्हणाला, "बरं. बोंबील मान्य. बंदर आहे, बोंबील असणार. पण भात? तांदूळ कुठून आणला?"

आता हे मलाही पटलं. तांदूळ कुठून आणला?

"मग रीतसर प्रश्न विचार," निनाद म्हणाला. प्रथमेशने तिथल्या तिथे विचारला. तासाभराने उत्तर गेलं. शेवटच्या होडीतली एक बाई उतरताना आपलं गाठोडं मुद्दाम विसरून गेली होती.

प्रथमेशने ते वाचलं आणि परीक्षकासारखी मान हलवली. "चालेल." तेव्हापासून आमच्या प्रत्येक चित्रातली चूक तो काढतो. काढतो आणि पोहे खातो. पण खाल्ल्यावर बशी स्वतः विसळून ठेवतो, म्हणून मी काही बोलत नाही.

* * *

आमच्या खालच्या मजल्यावर शिंदेबाई राहतात. त्यांना एवढंच कळलं की वरच्या काकांच्या घरून कुणीतरी प्रश्नांची उत्तरं देतो. त्यांनी मुक्ताकडून लिंक घेतली आणि नाखव्याला सरळ विचारलं, "आमच्या बिल्डिंगला पाणी कधी येणार?"

निनाद खवळला. "लोर बिघडतो, यार! डिलीट करतो." लोर म्हणजे त्या गेमचा इतिहास, तिथलं काय खरं आणि काय खोटं ते.

"नियम?" मी विचारलं.

"आजोबा, हा प्रश्नच नाहीये!"

"त्यांच्या घरात बादली रिकामी आहे आणि तू म्हणतोस प्रश्न नाही?"

शेवटी अस्मिताने उत्तर लिहिलं. नाखवा म्हणाला, "ताई, 'येतंय, येतंय' असंच मलाही सांगितलं होतं. तेव्हापासून इथे उभा आहे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून सगळ्या डोंबिवलीने नाखव्याला धरलं. खड्डे कधी बुजणार? पुलाचं काम कधी संपणार? कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीचा रस्ता विसरली का? आणि काय चिडून विचारायचे लोक! जणू ह्या म्हाताऱ्यानेच खणून ठेवलंय सगळं. नाखवा एकेकाला उत्तर देत राहिला. निनादने डोक्याला हात लावला.

शिंदेबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, तुमच्या त्या होडीवाल्याला नगरसेवक करा हो. निदान उत्तर तरी देतो!"

* * *

आता बोटाचं.

माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. गेममधला नाखवा हात घोंगडीत घेऊन उभा असतो, त्याचे हात कधी दिसतच नाहीत. तो जेवायला बसला तेव्हा मुक्ताला ते काढावे लागले. तिने समोर दिसले ते काढले, म्हणजे माझे. मला ते माहीतही नव्हतं. एका वाचकाने विचारलं, "नाखवा, तुझं बोट कुठे गेलं?"

निनादने कुणालाही न विचारता उत्तर टाकून दिलं. "वादळात दोरात अडकून गेलं."

रविवारी मुक्ताने मला वाचून दाखवलं. मी ऐकून घेतलं. गॅस बंद केला. मग बोललो. मुक्ता सांगते, त्या दिवशी माझ्या एका शब्दानंतर दुसरा येईपर्यंत बाहेर फेरीवाला येऊन गेला.

"निनादराव, हे बोट वादळात नाही गेलं. प्रेस मशीनखाली गेलं. हात वाचवणारा मशीनचा गार्ड काढून ठेवलेला, माल लवकर निघावा म्हणून. शेठ म्हणाला, तुझंच लक्ष नव्हतं. इतकी वर्षं सगळे तेच म्हणाले. आता तुम्ही म्हणताय, वादळ."

"सॉरी आजोबा. मला काय माहीत... पण आता ब्लॉगवर गेलंय. नियम..."

नियम! एवढ्यात मोबाईलवर प्रथमेशचा प्रश्न आला. त्याला सगळ्यातच शंका. "वादळात दोर ओढायला सांगितला कोणी?"

मी अस्मिताला म्हटलं, "हे मी सांगतो, तू लिही."

आणि नाखवा म्हणाला, "दोराला बोल लावू नका. ओढ म्हणून सांगणारा काठावर उभा होता. त्याचे हात खिशात होते."

त्या उत्तराखाली माणसं आपापलं लिहीत राहिली. कुणाचा हात, कुणाच्या बापाचा डोळा. एकजण माझ्याच वागळे इस्टेटमधला निघाला, पलीकडच्या गल्लीतला. तेव्हापासून नाखव्याच्या ओळी मी बोलायला लागलो आणि अस्मिता उतरवून घ्यायला लागली.

लोकांना वाटतं हा आजोबा जुना दर्यावर्दी. माझं गाव घाटावरचं, दुष्काळी. मला पोहतासुद्धा येत नाही!

* * *

आणि मग एका रविवारी निनाद पेढे घेऊन आला. प्रथमेश तेवढा नव्हता. ठाण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावलेलं. तिथे तो आमचा ब्लॉग दाखवणार होता.

"पण अर्धवट गोष्ट दाखवता येत नाही. एंडिंग पाहिजे, दणदणीत. मी ठरवलंय, नाखवा बुडणार. लाटा, वीज, पाण्यातून वर आलेला एक हात. खल्लास!"

अस्मिता म्हणाली, "अरे, आणि एवढी माणसं त्याला रोज प्रश्न विचारतात, त्यांचं काय?"

"रडतील. रडले की शेअर करतात."

हे तो पेढा खाता खाता बोलला.

मुक्ता म्हणाली, "मी काढणार नाही ते चित्र."

"नको काढू. एआय काढेल, दोन मिनिटांत."

अस्मिता भांडायला उठली. निनादने मान खाली घालून मोबाईलवर दोनदा बोट फिरवलं आणि अस्मिताचा मोबाईल टिंग वाजला. त्याने तिला ब्लॉगच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं. समोर बसलेल्या पोरीला! हातभर अंतरावरून!

मुक्ता स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून रडत होती. "आबा, ते हात तुमचे आहेत. त्याला तुमचे हात बुडवायचेत. आणि एकदा ब्लॉगवर गेलं की मला परत काढता पण येणार नाहीत."

मी चहा गाळला. तीन कप भरले, चौथा पालथा ठेवला. माझ्या घरून कुणी बिनचहाचा गेल्याचं मला आठवत नाही. पण मी म्हटलं, "निनादराव, निघा तुम्ही. पुढे रिक्षाला लाईन लागते."

* * *

बाळकुमला त्याच्या टॉवरमध्ये क्लबहाउस आहे. तिथे त्याने मोठा पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, समोसे सांगितले आणि नाखव्याच्या वाचकांना बोलावलं. बसलेल्या लोकांनी मोबाईलवरून प्रश्न टाकायचे, ते पडद्यावर उमटणार. मलाही निरोप आला. "आजोबा, तुम्ही नाखव्याचा आवाज आहात. शेवटची ओळ तुम्हीच बोला. फक्त एवढंच, 'चला, निघतो.'"

मुक्ता म्हणाली, नका जाऊ. मी गेलो. बुडवणाऱ्याचा चेहरा मला बघायचा होता. मुक्ता, अस्मिता आणि मी, तिघं रिक्षाने गेलो. शिंदेबाईही आल्या, त्यांना समोशांचं कळलेलं.

हॉल भरलेला. कुणी घोंगडी पांघरून आलेलं, कुणी कागदाची होडी घेऊन. निनादने माईक माझ्या हातात दिला आणि स्वतःच प्रश्न टाकला. पडद्यावर आला, "नाखवा, निघायचं का?"

मी माईक खाली धरला.

निनादने मान हलवून खूण केली. त्याने दोन्ही हात जोडले. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"आजोबा जरा भावुक झालेत," तो हसून लोकांना म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

चित्र पडद्यावर आलं. काळी लाट, वीज, आणि लाटेतून वर आलेला एक हात. ब्लॉगवर गेलं. म्हणजे घडलं. मागे कुणीतरी मुसमुसलं. मुक्ताने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात मधल्या रांगेतून प्रथमेश उठला. "एक मिनिट. डावा हात आहे ना हा? झूम कर."

"अरे, बस ना खाली!"

"झूम कर म्हणतो ना!"

निनादने झूम केलं. हात पडदाभर झाला. प्रथमेश सॅक सावरत पुढे आला आणि पडद्यावरच्या बोटांवर एकेक करून टिचकी मारत गेला. "हे अख्खं. हे अख्खं. हे मधलं, हे पण अख्खं. दोराने नेलेलं बोट परत उगवलं का?"

हॉलमध्ये कुजबुज.

"अरे, एआयने काढलंय, चालतं तेवढं!"

"कसं चालतं? बोट गेलं हे ब्लॉगवर आलंय. ब्लॉगवर आलं की घडलं. तुझाच नियम! हा हात नाखव्याचा नाहीच!"

"बरं बाबा, हे पुसतो, दुसरं टाकतो."

"पुसायचं नाही!" अख्खा हॉल ओरडला. घोंगडीवाले तर खुर्च्यांवर उभे राहिले. निनादचा हात लॅपटॉपवर गेला तो तिथेच थांबला.

पडद्यावर नवा प्रश्न उमटला. तोंडात समोसा ठेवून शिंदेबाईंनी टाकलेला.

"नाखवा, मग बुडालं कोण?"

येईल त्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच. निनादने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. माईक अजून माझ्याच हातात होता. मी तो तोंडाजवळ नेला आणि जन्मात बोललो नसेन इतक्या सावकाश बोललो,

"मला काय ठाऊक! मी जेवायला बसलो होतो."