अकरा पिंजरे, एक चोरटाका

कुशनवाल्या बाईंना राग आला की त्यांचा टाका बारीक व्हायचा. त्यामुळे एखाद्या गाडीच्या सीटवर त्यांच्या हातची फारच देखणी शिलाई दिसली, की जाणकार समजून जात: हे गिऱ्हाईक बाईंना काहीतरी बोललेलं आहे. दाताच्या डॉक्टरांच्या गाडीत तर इतका बारीक टाका होता, की तो बघायला त्यांच्याच दवाखान्यातला दिवा आणावा लागला असता.

गाड्यांच्या सीटा शिवण्याचं बाईंचं दुकान. पुढे रेक्झिनचे रोल, मागे फोमच्या लाद्या, मधे पोलादी पायाचं शिलाई मशीन आणि मशीनवर बाई. गाडीत बसणाऱ्याच्या अंगाला काही टोचू नये, कानाला काही खडखडू नये, ह्यासाठी त्यांनी तीस वर्षं घातली होती. स्वतः मात्र त्या टोचायच्या. पाठीमागे लोक त्यांना 'टाचणी' म्हणत आणि समोर 'बाई'.

डॉक्टर हे हौशी शर्यतवाल्यांच्या क्लबाचे अध्यक्ष. शहराबाहेर एक बंद पडलेली विमानांची धावपट्टी होती. तिथे महिन्यातून एकदा ही बारा-पंधरा मंडळी जुन्या गाड्या घेऊन जमायची आणि एकेकाने घड्याळ लावून फेरी मारायची. ह्या गाड्यांत मागच्या सीटच्या जागी लोखंडी पाइपांचा एक सांगाडा असतो. गाडी उलटलीच तर छताचा चपटा डबा होऊ नये म्हणून. क्लबात त्याला 'पिंजरा' म्हणत. डॉक्टरांना नुसता पाइप डोळ्याला बरा दिसेना, म्हणून त्यांनी बाईंकडून त्यावर लाल रेक्झिन चढवून घेतलं. अध्यक्षांनी केलं म्हटल्यावर बाकीच्यांनी केलं. दोन वर्षांत बाईंनी अकरा पिंजरे शिवले. प्रत्येक खोळ बंद करायला त्या आतल्या बाजूने एक चोरटाका घालत. गाठ कुठे आहे ते बाईंनाच ठाऊक. तिथला दोरा ओढला की सगळी शिवण केळ्याच्या सालासारखी उघडायची.

तर अशीच एका पिंजऱ्याची खोळ चढवायला बाई धावपट्टीवर गेल्या होत्या. काम झालं. ऊन छान होतं, पट्टी रिकामी होती. तीस वर्षं दुकानाची मालवाहू गाडी स्वतः चालवणाऱ्या, कुठल्याही बोळात उलटी घालणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, "डॉक्टर, एक फेरी मी मारून बघू का?"

डॉक्टर हसले. वाईट हसले असते तर परवडलं असतं; ते प्रेमाने हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही शिवा. चालवायचं आमच्यावर सोडा." आणि वर क्लबाची एक टोपी भेट दिली.

अपमान शिवी देऊन केला तर माणूस शिवी परत करून मोकळा होतो. टोपी घालून केलेला अपमान परत कसा करायचा? बाई ती टोपी हातात धरून घरी आल्या, ती त्यांनी खिळ्याला अडकवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपली गाडी मी उघडतेय."

नवरा म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. स्वभावाने फोमसारखे, दाबलं की बसायचे, सोडलं की पुन्हा पूर्ववत. त्यांची एकवीस वर्षांची छोटी गाडी ही बाईंच्या हातची सर्वात लाडकी कलाकृती होती. जाड गालिचा, दारांना गादी, छताला मखमल आणि आवाज येऊ नये म्हणून सगळ्या पत्र्याला आतून डांबरी शीट. ही गाडी चालू असताना बंद आहे असं वाटे. मास्तर दुपारी घराऐवजी तिच्यात झोपत.

"उघडतेय म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"स्वस्त गाड्यांचा एक गट आहे त्यांच्यात. वीस वर्षांवरची गाडी, महागडे सुटे भाग लावायचे नाहीत. त्यात उतरणार आहे. वजन काढायचं सगळं."

"सगळं म्हणजे माझी सीटपण?"

"तुमची सीट पहिली."

मास्तरांनी चष्मा पुसला. "बरं. पण उशी मी ठेवून घेतो," म्हणाले.

त्या आठवड्यापासून गाडी चार ठोकळ्यांवर चढली आणि मास्तर बसने बाजारात जाऊ लागले. मागची सीट निघाली, गालिचा निघाला, एसी निघाला, रेडिओ निघाला, दारांच्या गाद्या निघाल्या. निघालेली प्रत्येक वस्तू न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवायची आणि मास्तरांनी वहीत आकडा लिहायचा, असा नेम होता.

"माझंही वजन करून घे," मास्तर एकदा म्हणाले. "मीही जास्तीचाच आहे गाडीत."

"तुम्हाला आधीच वजा केलंय," बाई पत्र्याखालून म्हणाल्या.

इथवर ठीक होतं. मग आलं डांबरी शीट. ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं की त्यावर सुका बर्फ ठेवा, डांबर गोठतं, हातोडी मारली की पापडासारखं तुटतं. बाईंनी बर्फ आणला, ठेवला, हातोडी मारली. हातोडी उसळली. कंपनीने लावलेलं शीट असतं तर तुटलं असतं. हे बाईंनी स्वतः चिकटवलेलं होतं, स्वतः घोटलेल्या चिकटीने, कोपऱ्यांत दोनदा हात फिरवून. दुकानात त्या गिऱ्हाइकांना सांगत, "गाडी सडेल, पण हे सुटणार नाही." ते वाक्य आता जमिनीवर पालथं पडून खरवडणी चालवताना त्यांना रोज आठवायचं.

"कोणी चिकटवलंय हे?" त्या दातओठ खाऊन म्हणायच्या. "कोणत्या अकलेच्या खंदकाने एवढी चिकट लावलीय?"

मास्तर वहीत बघत गप्प बसायचे. संसारात काही प्रश्नांची उत्तरं माहीत असूनही द्यायची नसतात, हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. शेवटी सहा आठवड्यांनी अकरा किलो डांबर निघालं. ड्रायव्हरच्या मागचा एक हातभर तुकडा मात्र निघाला नाही तो नाहीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी त्याला एक लाथ घातली आणि तसाच सोडला.

पुढचं काम भराभर झालं. ब्रेकचे नवे पॅड, नवं ब्रेक तेल, बरे टायर, कुणीतरी टाकून दिलेली एकसंध टणक सीट, खांद्यावरून येणारे पट्टे. वेल्डरने पिंजरा बसवला. नुसता करडा पाइप, चार जोड, त्यांवर माशाच्या खवल्यांसारखी वेल्डिंगची रेघ. वेल्डर त्या रेघेवर बोट फिरवून म्हणाला, "बाई, असा जोड रोज होत नाही."

वेल्डर गेला. बाईंनी त्या उघड्या पाइपाकडे पाहिलं आणि त्यांना राहवेना. उघडी कड दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. अकरा जणांच्या पिंजऱ्याला कपडे आणि आपला तेवढा उघडा? त्यांनी काळ्या रेक्झिनची खोळ शिवली. गेल्या तीन महिन्यांचा सगळा राग त्या शिवणीत उतरला. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वात बारीक टाका होता.

वर्षातून एकदाच नव्या गाड्या तपासून क्लबात घेत. त्या दिवशी नापास झालेली गाडी वर्षभर घरी. टेम्पोवर गाडी चढवून बाई आणि मास्तर सकाळी धावपट्टीवर पोचले. टोपी बाईंनी घातली नव्हती. ती त्यांनी गाडीखालचं तेल पुसायला आणली होती. सव्वाअकराला त्यांची फेरी होती आणि पावणेअकराला डॉक्टर पाटी-पेन घेऊन तपासायला आले.

"अरे वा, बाई. स्वतःच शिवलंय वाटतं?" ते म्हणाले. त्यांनी ब्रेक बघितले, पट्टे ओढून पाहिले, बॅटरी हलवून पाहिली. काहीच हलेना. मग ते पिंजऱ्यापाशी थांबले. पाटीवरचा कागद उलटला, पुन्हा उलटला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"कलम सतरा. पिंजऱ्याचे सर्व जोड उघडे दिसले पाहिजेत. तुमचे झाकलेत. काय करणार, नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी या."

पाठीमागे कोणीतरी हसलं. मास्तरांनी बाईंचा हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

बाईंनी पर्समधून टाके कापायची उसवणी काढली. आत वाकून चोरटाका शोधला, दोरा पकडला आणि ओढला. तीन महिन्यांचा राग दोन मिनिटांत जमिनीवर येऊन पडला. उघड्या पाइपावर वेल्डिंगच्या चारी रेघा उन्हात लखलखल्या.

"बघा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बघितलं. खोट सापडेना. "ठीक आहे," ते नाइलाजाने म्हणाले.

"हा नियम माझ्यासाठीच आहे की सगळ्यांसाठी?"

आता बारा जण ऐकत उभे होते. ह्या प्रश्नाला अध्यक्षाकडे एकच उत्तर असतं. "सगळ्यांसाठी," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना आपण काय म्हणतोय ते कळलं.

"मग तुमच्यापासून सुरुवात करू. शिवलंय मी, उसवते पण मीच."

"अहो बाई, माझ्या गाडीचं दोन वर्षांत काही..."

बाई तोवर त्यांच्या गाडीत अर्ध्या शिरल्या होत्या. चोरटाका सापडायला त्यांना बघावंही लागलं नाही. लाल रेक्झिन सरसर उतरलं. बाई आत थांबल्या.

"डॉक्टर, इकडे या. बोट द्या."

त्यांनी डॉक्टरांचं बोट धरून उजव्या बाजूच्या वरच्या जोडावर टेकवलं. वेल्डिंगच्या रेघेत केसाएवढी भेग होती. ती पाइपाच्या अर्ध्या घेरापर्यंत गेली होती. कडेने तांबूस गंज चढला होता, म्हणजे कालपरवाची नव्हती.

डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांच्या दातांतल्या भेगा शोधल्या होत्या. ही भेग त्यांच्या बोटाने लगेच ओळखली.

बाईंना वाटलं होतं की ह्या क्षणी त्यांना बरं वाटेल. सहा आठवडे पालथं पडून डांबर खरवडलं ते ह्याच चेहऱ्यासाठी. पण राग डॉक्टरांकडून निघाला आणि थेट त्यांच्या स्वतःच्या हातांवर येऊन बसला. हा माणूस एखाद्या रविवारी उलटला असता, पिंजरा काडीसारखा मोडला असता, आणि त्यावर शहरातली सर्वात सुंदर शिलाई असती.

"मी झाकलं हे," त्या म्हणाल्या. "वाचून नको का घ्यायला तुमचं कलम? आणि तुम्ही? कलम तुमचं, सही तुमची, स्वतःच्या गाडीत एकदा वाकून बघितलं नाहीत. मला अडवायला मात्र बरोबर सापडलं."

डॉक्टर म्हणाले, "चुकलं माझं." हलक्या आवाजात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग एकच धांदल उडाली. मघाशी हसलेला गृहस्थ पहिला पुढे आला. "बाई, आमचं पण बघता का जरा?" त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. बघता बघता बाईंपुढे दहा जणांची रांग लागली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं.

"उसवणार आहे. सगळ्यांचं उसवणार आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी माझी फेरी. तोवर कोणी गाडी हलवायची नाही आणि कोणी स्वतः दोरा ओढायचा नाही. गुंता कराल." मग डॉक्टरांकडे वळून, "सही?"

डॉक्टरांनी सही केली. पट्टे त्यांनीच आवळले.

गादी नाही, गालिचा नाही, डांबर नाही अशा गाडीत बाई पहिल्यांदाच वेगात होत्या. प्रत्येक खडा पत्र्यावर ताशासारखा वाजत होता. इंजिन कानात ओरडत होतं आणि हेल्मेटच्या आत बाई त्याच्याहून मोठ्याने ओरडत होत्या: चिकटीला, कलम सतराला, टोपीला, अकरा खोळींना आणि त्या शिवणाऱ्या बाईला. तिसऱ्या वळणावर गाडीचं बूड सरकलं. बाईंनी हात उलटा फिरवला, बोळातून मालवाहू गाडी काढताना फिरवत तसा, आणि गाडी सरळ झाली.

परतल्या तेव्हा मास्तर घड्याळवाल्यापाशी उभे होते. "दोन मिनिटं एकोणीस," ते म्हणाले. "आत्तापर्यंत फेरी झालेल्यांत शेवटून तिसरी. मजा आली का गं?"

"मजा कसली," बाई हेल्मेट काढत म्हणाल्या. चेहरा लालबुंद होता. "तिसऱ्या वळणावर मागून जड लागते. ते हातभर डांबर. उद्या ते काढतेच."

"वहीत लिहून ठेवतो."

बाई उसवणी घेऊन रांगेकडे निघाल्या. रांगेच्या तोंडाशी डॉक्टर आपली लाल खोळ घडी करून हातात घेऊन उभे होते. गाडी तर त्यांची आज उभीच राहणार होती.

"बाई, जोड नीट करून घेतल्यावर ही परत..."

"नाही," बाई म्हणाल्या. "पाइप उघडाच राहील. सीट फाटली तर आणा." आणि पहिल्या गाडीत वाकता वाकता, मागे न बघता, "आणि ती खोळ टाकू नका, इकडे द्या. रेक्झिन चांगलं आहे. मास्तरांच्या दुपारच्या उशीला होईल."