राठोड सरांचं ई-वन

राठोड सरांना कुणी सहज "काय चाललंय सर?" विचारलं की तो माणूस संपलाच. हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात सर जीवरसायनशास्त्र शिकवत आणि त्यांचा जीव अडकला होता ई-वन नावाच्या एका एन्झाइममध्ये. जीपच्या मागच्या सीटवर, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही सुरू. "पेशीतलं निकामी प्रथिन मोडायचं तर आधी त्याला खूण लावावी लागती. खुणेचं नाव युबिक्विटिन. पर ती आपोआप चिकटत न्हाई बरं! ई-वन तिला आधी ताकद देतं. ताकद खर्चल्याबिगर काहीच चिकटत न्हाई." न्हावी बिचारा वस्तरा धरून "व्हय सर, व्हय सर" करी.

सर आता नाहीत. त्यांच्या जागी आलेले प्राध्यापक तेवढा भाग एका तासात उरकतात म्हणे. सरांना अख्खा पावसाळा पुरत नसे. आम्ही पोरी मागे नकला करायचो, पण खरं सांगते, त्यांच्या वेडानं मलाही वेड लावलं. एमएस्सीनंतर त्याच विषयावर संशोधन करायला हैदराबादला माझी निवड झाली. आणि इकडे हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझी सुपारी फोडायचा दिवस ठरवून टाकला! पाहुण्यांना बांधायचे फेटेसुद्धा आणले. मी रडत सरांना फोन केला. दुसऱ्या सकाळी सर जीपमधून उतरून थेट आमच्या ओसरीवर.

अण्णा म्हणाले, "त्या एन्झाइमपायी पोरीनं घरदार सोडायचं काहून, सर? ते असतं तरी कसं?"

झालं! त्या एन्झाइमबद्दल आपण होऊन कुणी विचारल्याचा हा सरांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग असावा. माझी बाजू राहिली बाजूला, सरांनी फेट्यांचा गठ्ठाच सोडला.

"इस्त्रीचे हायेत ते!" आई ओरडली.

"तुमी इकडं या, वैनी. फेटा म्हंजी खूण, मी ई-वन. माझ्या अंगात दोन जागा." सरांनी एक फेटा मांडीवर घेऊन चुणला, दंडावर टाकला आणि लगेच दुसरा मांडीवर घेतला. "मांडीवरचा तयार करायचा, दंडावरचा पुढं द्यायचा. मांडी भरल्याबिगर दंडावरचा नीट सुटत न्हाई. घ्या, तुमी ई-टू, माझ्याकडून घेऊन पोरीकडं देणारं. आन् पोरगी ई-थ्री. कुणाच्या डोक्यावर ठेवायचा ते हिनं ठरवायचं."

ओसरीवर उरले होते एकटे अण्णा. मी फेटा त्यांच्याच डोक्यावर ठेवला. त्यावर दुसरा, मग तिसरा. सर घामाघूम होऊन पुरवत होते. गुलाबी ढिगाखाली अण्णांचं नुसतं नाक दिसू लागलं.

"बराबर. पुढं काय व्हतं?" ढिगाखालून आवाज आला.

"पुढं सोपं हाय," सर खुशीत म्हणाले. "असं खुणेचं प्रथिन मोडून टाकतेत."

मी कपाळावर हात मारला. गेलं हैदराबाद! अण्णा ताडकन ताठ झाले. "म्हंजी मला मोडून राहिले तुमी?"

आत्ता कुठे सरांच्या ध्यानात आलं. पण खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. चाचरत म्हणाले, "मोडलेलं वाया जात न्हाई, अण्णा. त्याच्याच तुकड्यांतून पेशी नवं घडवती. जुनं अडून बसलं तर पेशीच मरती."

अण्णांनी डोळ्यांवरचा फेटा वर सारून माझ्याकडे पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला.

"जाऊ द्या मंग तिला," अण्णा म्हणाले. "पाहुण्यांना मी कळवतो. पर सर, आधी हे समदं डोक्यावरून काढा. जित्ता हाय मी अजून."